पाणाड्याची सहल

अंबाल्याला रेल्वेतून उतरून छोट्या गाडीत सामान चढवताना राजकन्येनं मोजलं : माणसं चौदा, बॅगा तेवीस, पाण्याची खोकी चार, शेंगदाण्याच्या चटणीचे डबे सात आणि नारळ तीन. माणसं सगळी नांदेड-लातूरकडची. नारळ आप्पांचे.

आप्पा म्हणजे तिचे वडील, व्यंकटराव. रेणापूरकडं त्यांना नावानं कमी आणि पाणाड्या म्हणून जास्त ओळखतात. बोअर कुठं घ्यायची ते सांगणारा माणूस. शेंडी ठेवून सोललेला नारळ तळहातावर आडवा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि रान तुडवायचं. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, आणि त्याचं सरकणारं वजन हाताला कळतं. डोळे उघडे ठेवले तर नजर लबाडी करते, हात करत नाही, असं आप्पा म्हणत. राजकन्येनं नांदेडला रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. एकदा गावोगाव विचारून तिनं गुपचूप यादी केली होती : जागा चौऱ्याऐंशी, पाणी लागलं एकसष्ट ठिकाणी. ती यादी तिनं कुणाला दाखवली नाही.

होळीनंतर आप्पांचे हात बधिर झाले. साखरेनं नसा गेल्या, असं लातूरचे डॉक्टर म्हणाले. त्यानंतर तीन रानांत नारळ उठला नाही. "रानच कोरडं हाय," असं सांगून आप्पा परत आले. मुरुडचा गुरुबसप्पा मात्र हटून बसला होता. जागा दाखवतील तर व्यंकटरावच, नाहीतर बोअरच घ्यायची नाही. त्याला हो म्हणायचं की नाही, हे ठरवायचं म्हणून आप्पा हिमाचलच्या सहलीत आले होते. वाटेवर चार तळी होती. जिथं पाणी आहेच, तिथं तरी नारळ उठतो का, ते बघायचं.

पहिले दोन दिवस राष्ट्रीय उद्यानाच्या कडेकडेनं गेले. देवदार सरळ वर गेलेले, खाली नदी पांढरी. गाडीतली माणसं खिडकीला लागून "अगगं, बघा बघा" करत होती. राजकन्येनं बघितलं. काही वाटायची तिनं थोडी वाट पाहिली आणि मग वहीत लिहिलं : देवदार, ढग, उंची दोन हजार शंभर मीटर.

सेरोलसरच्या तळ्याकाठी आप्पांनी नारळ तळहातावर ठेवला, तसे उदगीरचे ईश्वरप्पा गुरुजी मागून ओरडले, "व्यंकटराव, एवढं ढळढळीत पाणी समोर हाय, अन् तुमी नारळाला इचारून राहिलात?"

"त्यालाबी हिमालय दावतो की, गुरुजी."

"असू द्या हो," गुरुजींच्या पत्नी अयोध्याबाई म्हणाल्या. "तुमी नाही का, रिटायर होऊन गाडीत हजेरी घेता!"

नारळ उठला नाही. उलट, देवळाच्या पुजाऱ्याला वाटलं, डोळे मिटून हातात नारळ घेऊन माणूस आलाय, म्हणजे देवीचाच. त्यानं तो उचलला, दगडावर फोडला आणि खोबरं आप्पांच्या हातावर ठेवलं. सगळे पोट धरून हसले. आप्पाही हसले. खोबऱ्याचा तुकडा बोटांतून गळून पडला, ते त्यांना खाली बघितल्यावर कळलं.

नाकोच्या तळ्यात अख्खं गाव उलटं दिसत होतं. तिथं नारळ आडवाच राहिला. धनकरच्या तळ्याला चढताना आप्पा सात वेळा बसले, आणि वरही तेच झालं. राजकन्या प्रत्येक तळ्याचं तापमान घेत होती. सेरोलसर साडेनऊ, नाको तेरा, धनकर अकरा. पिन खोऱ्याच्या उद्यानात वाटाड्यानं समोरच्या कड्यावर रानबोकड दाखवले. तिनं दुर्बिणीतून अकरा मोजले. आप्पांनी दुर्बीण डोळ्याला लावली, पण ती हातात धरली आहे की नाही, हे बघायला ते सारखे मान खाली घालत होते.

काझाला रेंज आली, तसा गुरुबसप्पाचा फोन.

"मामा, मशीनवाला सोमवारी येऊन राहिला. हाव का न्हाई ते सांगा."

"एक तळं राहिलंय रे."

"तळं? कोणतं तळं? मामा, बोअर घ्यायचीय मला!"

आप्पांनी फोन राजकन्येकडं दिला. ती म्हणाली, "परवा सांगते, दादा."

चंद्रतालला बाकीचे तंबूत चहा घेत होते, तेव्हा दोघं चालत तळ्यापाशी गेले. ऊन नुकतंच डोंगरावर आलं होतं. पाणी निळं आणि हलत नसलेलं. आप्पांनी डोळे मिटले, नारळ तळहातावर ठेवला आणि काठानं चालू लागले. राजकन्या दोन पावलं मागं. बेचाळीस पावलांवर ते थांबले.

"उठला का गं?"

हे त्यांनी आजवर कधी कुणाला विचारलं नव्हतं. नारळ आडवा होता. हो म्हणायला एकच अक्षर लागलं असतं, आणि त्यासाठी तिनं तोंड उघडलंही.

"न्हाई, आप्पा."

"नीट बघ."

"आडवाच हाय."

त्यांनी डोळे उघडले. नारळाकडं बघितलं आणि तो तिच्याकडं दिला.

"गुरुबसप्पाला म्हणावं, दुसरा माणूस बघ."

"सांगते."

"काय म्हणून सांगशील?"

"हाताचं सांगते."

"सांग."

ते काठावर उकिडवे बसले आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवले. बराच वेळ काढलेच नाहीत.

"लई गार हाय का, आप्पा?"

"न्हाई गं. कोमट हाय."

राजकन्येनं त्यांच्या हाताशेजारी तापमापी धरली आणि आकडा थांबेपर्यंत दोन मिनिटं थांबली. चार पूर्णांक सहा अंश सेल्सिअस.