थंडीच्या बाजूचा खर्च

रूपेश माझ्या ओटीवर आला तेव्हा मुलं वजाबाकी सोडून कुणाची आंब्याची कोय मोठी, यावर भांडत होती. मे महिन्याची सुट्टी होती. पोशीरच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी कर्जतला भावाकडे परत गेले नाही, इथेच दोन खोल्या घेतल्या. सुट्टीत कुणा ना कुणाची मुलं ओटीवर येऊन बसतात. त्यांना गणित घालते. ती मला कोयी आणून देतात.

रूपेशही माझाच विद्यार्थी. आता तो मोहोपाड्याच्या एका कारखान्यात कामाला आहे आणि रोज मोटारसायकलने कर्जत, चौक करत जातो-येतो. त्याच्या मागे त्याची बायको हर्षला उभी होती. तिचा चेहरा घरून भांडण अर्धवट ठेवून आल्यासारखा दिसत होता.

"बाई, एक हिशेब करून द्याल का?" रूपेश म्हणाला.

"मी हिशेब करून देत नाही, करायला शिकवते. काय झालं?"

झालं होतं ते असं. कंपनीने हिमाचलात डोंगरावर नवा कारखाना काढला होता. रूपेशला तिथे बढती देत होते, राहायला घरही देत होते. सोमवारी सकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. तिथल्या कॉलनीच्या शाळेत शिक्षिकेची जागा रिकामी होती. हर्षला बी.एड. होऊन सात वर्षं पोशीरमध्ये नुसती अर्ज करत बसली होती, तिचा तिथे फोन करूनही झाला होता. "आलात तर लगेच घेऊ," असं तिला सांगितलं होतं.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

"खर्चाला," रूपेश म्हणाला. "थंड मुलूख लई महाग, बाई."

"आणि यांनी कबूल केलंय," हर्षला म्हणाली, "हिशेबात बसलं तर जायचं. बाईंसमोर म्हणा की."

"म्हणतो ना. बसलं तर जायचं."

मी खडू त्यांच्याच मुलीच्या हातात दिला. अपेक्षा नुकतीच चौथी पास झाली होती. तिने फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे पोशीर लिहिलं, उजवीकडे हिमाचल. बाकीची मुलं कोयी खाली ठेवून सरसावून बसली. खऱ्या माणसाचं गणित फळ्यावर येणार म्हटल्यावर कोणाचंही लक्ष इकडेतिकडे जात नाही.

रूपेशने उजव्या बाजूपासून सुरुवात केली. रजया. प्रत्येकाला दोन स्वेटर. लोकरीचे मोजे. बूट. हीटर, त्याचं बिल. आंघोळीच्या गरम पाण्याचं बिल.

"आणि गॅस दुप्पट लिही," तो म्हणाला. "डोंगरावर डाळ शिजत नाही."

"मग तिथले लोक काय खातात?" शेजारच्या ओमकारने विचारलं.

"कच्ची खात असतील."

"कुकर असतो, ओमकार," हर्षला म्हणाली. "तिथंही मिळतो."

"कुकरपण लिही मग," रूपेश म्हणाला. "मोठा."

तिथे चार महिने बर्फ पडतं, घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून चार महिन्यांचे तांदूळ. चार महिन्यांचे कांदे-बटाटे. मसाला. सुकट, बोंबील, जवळा. लाकूडफाटा. आणि छपरावर घालायला प्लास्टिकचा मोठा कागद.

"प्लास्टिक कशाला?" मी विचारलं.

"बर्फ गळतं ना, बाई."

उजवी बाजू फळ्याच्या तळाला टेकली. अपेक्षाला शेवटच्या ओळीसाठी मांडी घालून बसावं लागलं. मग तिने डाव्या बाजूकडे खडू नेला आणि बापाकडे पाहिलं.

"इथलं काय लिहू?"

"इथं काय खर्च?" रूपेश म्हणाला. "इथं आपण राहतोच."

"पंखा तरी लिही," ओमकार म्हणाला.

पंखा लिहिला. खाली मोकळा फळा राहिला. बेरीज झाली आणि हिमाचल पोशीरपेक्षा इतकं महाग निघालं की मुलांनी आश्चर्याने 'बापरे' म्हटलं. मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर रूपेश जसा उठायचा तसाच तो उठला.

"बघ, हर्षला. नाही बसत. मी सांगत होतो."

हर्षला फळ्याकडे बघत राहिली. दहावीच्या निकालात आपला नंबर न सापडलेली मुलं अशी बघतात.

उत्तर चुकलंय असं मी मुलांना एकदम सांगत नाही. ते कसं काढलं, एवढंच विचारते. पुष्कळदा तेवढंच पुरतं.

"रूपेश, खाली बस. डाव्या बाजूला मे महिना कुठे आहे?"

"म्हणजे?"

"मागच्या वर्षी कूलर घेतलास ना?"

"तो काय खर्च नाय, बाई."

"मग काय आहे?"

तो विचारात पडला. "तो... उन्हाळा हाय."

मुलं हसली. मी त्यांना हसू दिलं. अडचणीत आला की रूपेशच्या तोंडी घरची भाषा येते, हे मला त्याच्या दुसरीपासून माहीत आहे.

"पाण्याचा टँकर?"

"तो वाडीत सगळेच घेतात."

"कामावर जायचं पेट्रोल?"

"ते लग्नाआधीपासूनचं हाय."

"हिमाचलातलं घर कारखान्यापासून किती लांब?"

"चालत जाण्याएवढं," त्याच्याआधी हर्षलाने सांगितलं.

अपेक्षा भराभर लिहीत होती. पेट्रोलपाशी तिचा हात थांबला. ती उजवीकडची यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचत होती.

"बाई," ती म्हणाली, "हे तांदूळ, मसाला, सुकट... ही तर आगोट आहे."

पावसाळ्याआधी चार महिन्यांची बेगमी करायची, तिला आमच्याकडे आगोट म्हणतात. मे महिन्यात पोशीरमध्ये ज्या घराच्या अंगणात मिरच्या आणि सुकट वाळत नाही, त्या घराला कुलूप लावून माणसं गावाला गेलेली असतात.

"आगोट आपण इथंपण भरतो," अपेक्षा म्हणाली. "आजीने आत्ताच जवळा वाळत घातलाय. मी राखण सोडून आलेय. आणि प्लास्टिकपण आपण आपल्याच कौलांवर घालतो."

रूपेशने फळ्याकडे पाहिलं, मग अंगणापलीकडे आपल्या घराकडे. या माणसाने आमच्या पावसाळ्याचा अख्खा खर्च हिमाचलच्या डोक्यावर टाकला होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. आमच्याकडे चार महिने घरात बसायचं म्हटलं की सुक्या मासळीशिवाय दुसरं काही सुचतच नाही.

"दोन्हीकडे लिहायचं, नाहीतर दोन्हीकडचं पुसायचं," मी मुलांना म्हटलं. "तुलना करताना एकच माप वापरायचं."

मुलांनी दोन्हीकडे लिहिलं. मग कंपनी घर देणार म्हणून छपराचं प्लास्टिक उजवीकडून गेलं. नवी बेरीज झाली. फरक फार नव्हता, पण हिमाचल पोशीरपेक्षा स्वस्त निघालं. हर्षलाचा पगार तर अजून कुठे धरलाच नव्हता.

"बसलं," हर्षला म्हणाली.

"आईचं काय?" रूपेश लगेच म्हणाला. "पैशाचं जाऊं दे. आईला थंडी सोसायची नाय. आख्खा जन्म पोशीरमधे गेला तिचा. तिला मी बर्फात न्यायची?"

हर्षलाने ओठ आवळले. सासूवर विषय नेला की तिला गप्प बसावं लागतं, हे त्याला ठाऊक होतं.

"आईंना विचारलंत?" एवढंच ती म्हणाली.

"त्यात इचारायचं काय?"

"प्रयोग करून बघू या," अपेक्षा म्हणाली. "बाई म्हणतात, नुसतं बोलायचं नाही, करून बघायचं. रोहिदासकाकांची थंड खोली आहे ना!"

रोहिदास खालापूरकडे फुलांची शेती करतो. जरबेरा आणि गुलाब ठेवायला त्याने एक शीतगृह बांधलंय. शाळेत तो रूपेशच्याच बाकावर होता. मी फोन केला तर तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "रविवारी आणा त्यांना, बाई, माझा टेंपो फुलं टाकून पोशीरवरूनच परत येतो," तो म्हणाला.

रविवारी दुपारी रूपेशच्या आई मोतीबाई टेंपोत चढल्या. रूपेशने आईला पुरतं बांधलं होतं. अंगात त्याचा जुना स्वेटर, त्यावर शाल, शालीवर गोधडी, डोक्याला माकडटोपी. बाहेर डांबर वितळत होतं.

"कुठं नेता रं मला?" मोतीबाई टोपीतून म्हणाल्या. "शिजले मी."

"थंडी बघायला, आई."

"थंडी बघायला हिवाळा येतोय की घरी."

कर्जतच्या चारफाट्यावर टेंपो थांबला तेव्हा उसाच्या रसवाल्याने आत डोकावून विचारलं, "आजीला ताप हाय काय? सरळ दवाखान्यात न्या, रस देऊं नका." मोतीबाईंनी त्याच्याकडून रस मागून घेतलाच आणि बर्फ जास्त टाकायला लावलं. रूपेश म्हणाला, "घसा धरंल." त्या म्हणाल्या, "धरूं दे."

शीतगृहाचं जाड दार रोहिदासने उघडलं तेव्हा आतून पांढरी वाफ पायांवर आली. आत गुलाबांच्या पेट्या, पंख्याची घरघर आणि खरोखरची थंडी. आम्ही सगळे आत शिरलो. अपेक्षा आणि ओमकार तोंडातून वाफ काढून दाखवायला लागले. मोतीबाईंनी एक उलटी पेटी बघितली, तिच्यावर बसल्या आणि एकेक करून गोधडी, शाल आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आई, घाल ते!" रूपेश म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

"का रं? आत्ता कुठं जीव थंड होतोय. रोहिदास, दार लाव की, उघडं काय ठेवलंस?"

रूपेश थोडा वेळ हात काखेत घालून उभा राहिला. मग एका पायावर, मग दुसऱ्यावर. "मी फोन बघून येतो," असं म्हणत तो बाहेर पळाला. त्याच्या मागून मी आणि हर्षला निघालो. तो उन्हात भिंतीला पाठ लावून उभा होता. पोशीरमध्ये जानेवारीत खोबरेल गोठलं की हाच माणूस कानाला मफलर बांधून फिरतो, हे मला तेव्हा आठवलं.

"थंडी आईंना नाय सोसत?" हर्षलाने विचारलं.

रूपेश जमिनीकडे बघत म्हणाला, "मला पण वाटलं, तिला नाय सोसायची."

"आणि तुला?" मी विचारलं.

तो कानाच्या पाळ्या चोळत राहिला.

रोहिदासने दार पुन्हा उघडलं. मोतीबाई आत पेटीवरच होत्या.

"इकडं ये रं," त्या म्हणाल्या. रूपेश दारापर्यंत गेला. "काल ही अपेक्षा मला सांगत होती, तू म्हटलास आईला थंडी सोसणार नाय. चूल मी तीस वर्सं फुंकली. वैशाखात, पडवीच्या पत्र्याखाली. तवा कुणी इचारलं का, मोती, ऊन सोसतं का तुला म्हणून? थंडीचंच बरं इचारतोस."

दारात उभा रोहिदास हसत होता, तो थांबला.

"मला लई जायचं हाय तिकडं," मोतीबाई म्हणाल्या. "बर्फ मी टीव्हीवर बघितलंय. पन तुला नसंल जायचं, तर तसं सांग. माझं नाव सांगूं नको."

रूपेशने माझ्याकडे पाहिलं. "बाई, काय करू?"

"फळ्यावरचं मी सांगितलं," मी म्हटलं. "पुढचं तू आत जाऊन ठरव."

तो स्वेटर-शाल काही न घेता, नुसत्या शर्टावर, पुन्हा आत गेला आणि आईशेजारी पेटीवर बसला. मोतीबाई थोड्या सरकल्या. रोहिदासने मुलांना बाहेर घेऊन दार लावून घेतलं, फुलं खराब होतील म्हणून. आत काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. हर्षला दाराकडे बघत उभी होती. अपेक्षा कान लावून बघत होती, पण जाड दारातून पंख्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने दार फटीएवढं उघडलं. रूपेशचं डोकं बाहेर आलं. ओठ जांभळे झाले होते. त्याने फोन हर्षलाच्या हातात दिला.

"साहेबांना लिही, येतो म्हणून," तो म्हणाला. "आणि तूच लिही. माझी बोटं चालत नायत."