स्पंजातलं बिऱ्हाड

कारकून पुन्हा वर आला होता. काचेच्या टाकीत पाण्याबाहेर तोंड काढून तो हवा गिळत होता आणि शेठ तळाशी एका कोपऱ्यात, रुसून बसल्यासारखा, हलत नव्हता. तिनं बाही वर सारली, टाकीतलं पाणी मगानं उपसून बादलीत टाकलं आणि औषधाचा वास उडावा म्हणून साठवून ठेवलेलं पाणी आपल्या तळहातावरून हळूहळू आत सोडलं, तान्ह्याच्या टाळूवर सोडावं तसं. मग मासेवाल्याकडून आणलेली, पाणी तपासायची कागदाची पट्टी बुडवली. ती पिवळी राहायला हवी होती. हिरवी झाली, आणि बघता बघता आणखी हिरवी होत गेली.

मासे तिचे नव्हते, अण्णांचे होते. तिचे वडील तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटे राहत. मध्यंतरी एकदा ते गॅस चालू ठेवून झोपून गेले. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. तेव्हापासून ती मागंच लागली होती, की आता आमच्याकडे या. पुष्कळ आढेवेढे झाल्यावर ते एवढंच म्हणाले, की आधी शेठ आणि कारकून येतील. ते रमले तर मग माझं बघू.

म्हणून ही नवी टाकी. नुसत्या पाण्यात मासा जगत नाही, हे तिला लहानपणी अण्णांनीच शिकवलं होतं. माशांच्याच घाणीनं पाण्यात विष चढतं, आणि ते विष खाऊन टाकणारे बारीक जीव गाळणीतल्या स्पंजात राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत, मागून मिळत नाहीत. नव्या टाकीत आपले आपण यायला फार दिवस घेतात, आणि तोवर रोज पाणी बदलत राहावं लागतं. अण्णा त्यांना बिऱ्हाड म्हणत. आपल्या टाकीतला तपकिरी, बुळबुळीत स्पंज त्यांनी जुन्याच पाण्यात बुडवून डब्यातून तिच्या हाती दिला होता. अर्धं बिऱ्हाड देतोय, म्हणाले होते, नीट ने.

तिनं नीट नेलं होतं. सुरुवातीला दोन्ही मासे नवीन घरात पाहुण्यांसारखे ऐटीत फिरत होते. मग हे असं कशानं झालं?

नवरा दाढीचा फेस तोंडाला लावलेला तसाच मागं येऊन उभा राहिला. पट्टी बघून म्हणाला, की आता का बिघडावं, गाळणी तर त्यानं रविवारीच चकचकीत केली होती. स्पंज नळाखाली धरून, पिळून पिळून, स्वच्छ पाणी येईपर्यंत. सासरे कधीही बघायला आले तर घाण दिसायला नको, म्हणून.

तिनं ओली पट्टी बादलीच्या काठावर ठेवली. मग तिनं त्याला सांगितलं, की नळाच्या पाण्याला ज्या औषधाचा वास येतो, त्यानं त्या स्पंजातलं सगळं मेलं.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "विरजण लावलेलं भांडं मी घासून ठेवलं."

एरवी ती हसली असती. तो म्हणाला, की मी स्वतः अण्णांना सांगतो, माझी चूक आहे. तिनं मान हलवली. अण्णांना कळायला नकोच होतं. त्यांना फक्त एक निमित्त हवं होतं. माझे मासे तुमच्याकडे टिकत नाहीत, मी काय टिकणार, असं म्हणून ते दाराला आतून कडी घालून बसले असते. आणि मग पुन्हा कधी शेजारणीला वास आला नाही तर?

अण्णांच्याकडे अजून अर्धा स्पंज होता. त्यातला बोटभर कापून आणला तरी पुरेसा होता. तिनं पिशवीत कात्री आणि झाकणाचा डबा टाकला आणि ती कामाला होती त्या दुकानात उशिरा येते म्हणून निरोप दिला.

अण्णांनी दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि अशा वेळी कशी आलीस, असं न विचारता चहा ठेवायला आत गेले. ती खोलीत टाकीपाशी थांबली. फरशी ओली होती. भिंतीलगत पाण्यानं भरलेल्या बादल्या रांगेनं ठेवल्या होत्या. या वयात, या फरशीवरून, या बादल्या त्यांनी एकेक करून आणल्या असणार. कशासाठी? तिनं आतला कानोसा घेतला. कपबशी वाजली. तिनं कात्री बाहेर काढली आणि गाळणीचं झाकण उचललं.

आत स्पंज होता. पांढराशुभ्र, कोरा, दुकानातली घडी अजून न मोडलेला.

तिला तो डबा आठवला. स्पंज त्यात मावत नव्हता म्हणून दुमडून घातला होता.

"काय शोधतेस?"

अण्णा दारात दोन कप घेऊन उभे होते. तिच्या हातातली कात्री लपवण्याजोगी नव्हती.

"अण्णा, तो स्पंज धुतला गेला. नळाखाली."

"गेला म्हणजे? आपल्या पायांनी गेला?"

"यांनी धुतला."

"मग चांगलाच धुतला असेल. जावईबापू कुठलंही काम अर्धवट करत नाहीत." त्यांनी कप खिडकीत ठेवले. "दोघं आहेत ना?"

"आहेत. पण वर येऊन हवा गिळतोय कारकून." तिनं गाळणीतल्या कोऱ्या स्पंजाकडे बोट केलं. "तुम्ही तर अर्धा दिला म्हणाला होतात."

"म्हणालो होतो." ते टाकीकडे बघत राहिले. त्यांचे उरलेले चार मासे काचेशी येऊन ओळखीनं थांबले. "कापायलाच बसलो होतो. मग म्हटलं, तिकडची टाकी मोठी. अर्ध्यात भागायचं नाही."

नवी टाकी वीतभर लहानच होती. तिची मापं अण्णांनीच फोनवर पुन्हा पुन्हा विचारून घेतली होती. तिनं बादल्यांकडे पाहिलं, ओल्या फरशीकडे पाहिलं आणि कात्री पिशवीत टाकली.

अण्णांनी चहा एका दमात संपवला. मग बंडीची बाही खांद्यापर्यंत सारली आणि टाकीत दंडापर्यंत हात घातला.

"डबा आणलायस ना? धर इकडं. खालच्या खड्यांवरही असतात ते. कमी असतात, पण असतात."

मूठभर खडे डब्यात पडले. मग आणखी एक मूठ. डबा भरला तेव्हा त्यांनी तिला पायानंच एक रिकामी बादली दाखवली. टाकीचा तळ उघडा पडत चालला, काच दिसू लागली, आणि पाणी इतकं गढूळ झालं की मासे दिसेनात.

"अण्णा, सगळे काढताय?"

"दोन घरी रोज पाणी कोण बदलणार? एकाच ठिकाणी बदलू." ते वाकूनच बोलत होते. "हे चौघं त्या मोठ्या बरणीत येतील. तू हळू चाल म्हणजे झालं."

ती बादली दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. त्यात खडे पडत होते, ओला नाही, कोरडा नाही, असा मधलाच आवाज करत. अण्णांनी तळाचा शेवटचा कोपरा बोटांनी चाचपला.

"तुमच्याकडे नळाला पाणी कधी येतं?"

"पहाटे येतं. उजाडायच्या आत जातं."

"म्हणजे मला लवकर उठायला हवं," अण्णा म्हणाले, आणि ओला हात पुसायला काहीतरी शोधू लागले.