सात नंबरच्या होडीचं वजन

मी एक जुनी शिडाची होडी आहे आणि सध्या पालथी पडले आहे. होड्यांच्या क्लबच्या मागच्या भिंतीला लागून, दोन ओंडक्यांवर. माझ्याखाली एक मांजर राहते. ती माझ्याशी बोलत नाही, मी तिच्याशी बोलत नाही, त्यामुळे आमचं बरं चाललं आहे. पण मित्रांनो, आज मला बोलायचं आहे. एक गोष्ट फार वर्षं मनात राहिली आहे आणि ऐकायला इथे दुसरं कोणी येत नाही.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथे एक मोठा साचा होता. त्यात फायबरचं कापड अंथरायचं, वर चिकट रसायन ओतायचं, रोलर फिरवायचा आणि वाळलं की होडी उपसून काढायची. त्या एका साच्यातून आम्ही बारा बहिणी निघालो. लांबी तीच, रुंदी तीच, शीड त्याच मापाचं, कडेला तोच लाल पट्टा. शर्यतीसाठी आम्हाला मुद्दाम सारखं केलं होतं. होड्या सारख्या असल्या की जिंकणारा आपल्या अकलेने जिंकतो आणि हरणाऱ्याला कुरकुर करायला जागा राहत नाही.

साचा एक होता, पण हात एक नव्हते. मला घडवलं ते एका नव्या कारागीर बाईने. तिचा हात इतका नेटका की रसायनाचा एक जास्तीचा थेंब तिने आत राहू दिला नाही. नियमाप्रमाणे आमचं वजन साठ किलो हवं होतं. मी भरले छप्पन्न.

"हिला काय उपाशी ठेवलंस का गं?" शेडचा मुकादम म्हणाला आणि सगळे हसले.

हलकी होडी जास्त पळते, म्हणजे बाकीच्यांवर अन्याय. म्हणून चार किलोची शिशाची पट्टी माझ्या मधल्या फळीखाली स्क्रूने घट्ट बसवली. बाईने खिळ्याने तिच्यावर माझा नंबर, सात हा आकडा, कोरला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "झालीस बहिणींच्या बरोबरीची," ती म्हणाली. मला त्या शिशाचा अभिमान होता. बारा जणींत ते फक्त माझ्याकडे होतं.

क्लबमध्ये आल्यावर पहिली काही वर्षं माझे लाड झाले. हंगामाच्या सुरुवातीला मुलांना शिकवणारे सर एका टोपीत बारा चिठ्ठ्या टाकायचे. ज्याला जी होडी निघेल ती त्याची, हंगामभर. सात नंबर निघाला की मुलं उड्या मारायची. मग एकदा एका धांदरटाने मला भरवेगात धक्क्यावर आदळलं. माझं नाक फुटलं. स्टोअरवाल्या काकांनी बाहेरून ठिगळ लावलं, पुढच्या वर्षी त्या ठिगळावर ठिगळ. पण होडी बुडू नये म्हणून माझ्या पुढच्या बंद कप्प्यात फोम भरलेला आहे. त्यात जे पाणी शिरलं होतं ते तिथेच राहिलं, आणि बारीक फटीतून दर हंगामात थोडं थोडं वाढत गेलं. बाहेरून काही कळत नव्हतं. काकांनी मला आतून बाहेरून पांढरा रंग फासला, त्याखाली ती शिशाची पट्टीही झाकली गेली. मी नव्यासारखी दिसू लागले आणि मागे पडू लागले.

आता सात नंबर निघाला की मुलं तोंड वाकडं करायची. सर ओरडायचे, "होडीला नावं ठेवायची नाहीत! सगळ्या एका साच्यातल्या. सारख्या म्हणजे सारख्या!" सर वाईट नव्हते. मुलांनी रडगाणं गाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. पण एवढ्या वर्षांत मला पुन्हा काट्यावर ठेवावं असं त्यांच्या मनात कधी आलं नाही.

मग एका वर्षी माझी चिठ्ठी काडीला निघाली.

काडी म्हणजे एक बारकी मुलगी. नाव तिचं दुसरं होतं, पण सगळे तिला काडीच म्हणायचे आणि तीही ओ द्यायची. पहिल्याच दिवशी शिडाचा दांडा गर्रकन फिरून तिच्या डाव्या भुवईवर बसला. रक्त आलं. रडायचं सोडून ती मला म्हणाली, "मारलंस ना? आता दोस्ती." मला तोपर्यंत कोणी दोस्त म्हटलं नव्हतं.

काडीचं सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. हंगामाच्या शेवटच्या शर्यतीतल्या पहिल्या दोघांना मोठ्या समुद्रावरच्या शिबिरात पाठवणार होते. तिच्या बाबांनी तिला एकच हंगाम दिला होता. पहिल्या दोघांत आली तर पुढे शिकायचं. नाही आली तर होडी बंद, शाळेचा अभ्यास सुरू. ते रोज तिला न्यायला यायचे आणि पायऱ्यांवर तिचं दप्तर मांडीवर घेऊन बसायचे.

वाऱ्याची नस तिला बरोबर कळायची. पाण्यावर बारीक सुरकुती उठली की तिचा हात दोरीकडे गेलेलाच असायचा. मंद वाऱ्यात तर हलक्या पोरीने सगळ्यांच्या पुढे असायला हवं होतं. आणि नेमकी तेव्हाच ती मागे राहायची. सुकाणू बरोबर, शीड बरोबर, आणि तरी बाजूची होडी अलगद पुढे निघून जायची. मला सगळं कळत होतं. मी पाणी पिऊन जड झाले होते, माझं नाक खाली दबून पाण्याला अडत होतं आणि बरोबरीसाठी दिलेलं शिसंही अजून पोटाशी धरून बसले होते. सांगणार कशी?

एकदा आतलं पाणी पुसताना तिचा हात फळीखाली त्या पट्टीला लागला. आता हिला कळणार, असं मला वाटलं.

"काका, हे खाली काय आहे हो?"

काका दोऱ्यांचा गुंता सोडवत होते. मानही वर न करता म्हणाले, "असतं ते. सगळ्यांत असतं."

तिने हात काढून घेतला.

शेवटी एक दिवस धीर करून ती सरांसमोर उभी राहिली. "सर, सात नंबर जड वाटते."

सरांचा एक ठरलेला उपाय होता. होडीबद्दल तक्रार केली की पुढच्या शर्यतीत सगळ्यात पुढच्याशी अदलाबदल. सगळ्यात पुढे होता पैलवान, अंगाने भरलेला, स्वभावाने गरीब. तो माझ्यात बसला, काडी त्याच्या होडीत. त्या दिवशी वारा असा सुटला होता की शिडं फाटतील की काय वाटावं. अशा वाऱ्यात होडीच्या पाच-सात किलोंना कोण विचारतो? होडी सरळ दाबून धरायला बसणारा वजनदार लागतो. पैलवान माझ्यासकट पहिला आला. काडीची होडी दोनदा कलंडता कलंडता वाचली. ती सहावी आली.

"बघितलंस?" सर सगळ्यांसमोर म्हणाले. "होडी नाही गं, होडीत बसणारा जड असतो किंवा हलका."

मुलं हसली. पैलवान हसला नाही. तो म्हणाला, "सर, पण आज वारा..." सरांनी त्याला हातानेच थांबवलं.

त्या संध्याकाळी काडीने मला फडक्याने पुसलं आणि हळूच म्हणाली, "सॉरी हं. माझी चूक होती, उगाच तुझ्यावर ढकलली." मित्रांनो, मला धक्के बसले, माझं नाक फुटलं, पण एवढं कधी दुखलं नव्हतं. त्यानंतर तिने कधीही तक्रार केली नाही.

शेवटच्या शर्यतीला वारा पडलेला होता. ती सुरुवातीपासून पुढे होती. शेवटच्या वळणावरही ती पहिली होती. मग वारा आणखी पडला. ती अंग चोरून, श्वास धरून बसली, आपल्या हालचालीने मी डुचमळू नये म्हणून. आधी पैलवान गेला. मग अगदी रेषेजवळ चार नंबरची होडी आली आणि हातभर पुढे गेली. काडी तिसरी आली.

बाबा पायऱ्यांवर दप्तर घेऊन उभे होते. ते रागावले नाहीत. "प्रयत्न केलास ना? झालं तर," ते म्हणाले. काडीने लाइफ जॅकेट खिळ्याला अडकवलं, मला कोरडी होईपर्यंत पुसलं आणि दप्तर घेऊन गेली. ती पुन्हा आली नाही.

नंतर पुष्कळ वर्षं गेली. सरांचे केस पांढरे झाले. नव्या होड्या येणार म्हणून आम्हा बारा जणींना हलवायचं ठरलं. ट्रकवाल्याने वजन विचारलं, तेव्हा पोती मोजायचा काटा आणला. अकरा जणी एकसष्ट-बासष्टच्या आत भरल्या. मी भरले सदुसष्ट.

"परत ठेवा," सर म्हणाले. परत सदुसष्ट. तिसऱ्यांदाही तेच.

काकांनी मला कलती केली, फळीखाली हात घातला, सुरीने रंग खरवडला आणि पट्टी सोडवून बाहेर काढली. मग ते उरलेल्या अकरा जणींच्या फळ्यांखाली एकेक करून चाचपून आले.

"सर, बाकी कुणात नाहीये हे," ते म्हणाले. "ती पोरगी विचारत होती हो मला. काडी."

सर पायरीवर बसले. पट्टीवर कोरलेला सात त्यांनी अंगठ्याने पुसून बघितला.

"कळवा की तिला," काका म्हणाले.

"एवढ्या वर्षांनी? तिला आठवतही नसेल." मग सरच पुन्हा म्हणाले, "आणि काय तोंडाने सांगू?"

तेव्हापासून नव्या होड्या दर हंगामात काट्यावर चढतात. सर स्वतः उभे राहून आकडे बघतात. ते चांगलं झालं. माझ्या अकरा बहिणी ट्रकमधून गेल्या. जड होडी कोणालाच नको होती, म्हणून मी इथे राहिले. शिशाची पट्टी शिडांच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी ठेवली आहे. मला ती इथून दिसते.

मित्रांनो, एका साच्यातून निघालेल्या सगळ्या जन्मभर सारख्या राहत नाहीत. कोणाला कधी लागतं, कोणात काय मुरतं, ते रंगावरून कळत नाही. कोणी जड वाटतं म्हणालं तर हसू नका, आधी काटा आणा. आणि काटा आणल्यावर जे दिसेल ते ज्याचं त्याला जाऊन सांगा.

शिसं नसतं तर ती जिंकलीच असती असं मी म्हणत नाही. पण हरणं तिचं होतं की माझं, हे तिला कळायला हवं होतं. ती आता मोठी झाली असेल. तुमच्यापैकी कोणाची आई असेल, मावशी असेल, नाहीतर शाळेतल्या बाई असतील. डाव्या भुवईवर जुनी खूण असलेली बारकीशी बाई कुठे दिसली, तर तिला एवढं सांगा की सात नंबर खरंच जड होती. तिने एकदा माझी माफी मागितली होती, ती मला तिला परत द्यायची आहे.