भगताचा वेत आणि मुकी तुळसा

मी वेत बोलतोय. शाळेतला नव्हे, भगताचा. मास्तरांचा वेत हातावर बसतो. मी पाठीवर बसायचो आणि वर लोक मला हळद-कुंकू वाहायचे! ठाणे शहराजवळच्या बाळकुमच्या दौलत भगताने मला तेल पाजून लवचिक केलेलं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती, पण खाडीकाठच्या पोराला काही झालं की आणून बसवायचं ते माझ्यापुढेच. फेफरं असो, हट्ट असो, औषध एकच.

तुळसा ही कोळ्याची पोर अशीच आली. आठ-नऊ वर्षांची, एकाएकी मुकी झालेली. खाडीतल्या भुताने तिला धरलंय, असं गावाने ठरवून टाकलं. बाप नाथा तिचे दोन्ही हात घट्ट धरून बसायचा आणि दौलत मला उगारायचा.

"कोन हाय तू? नाव सांग! नाव सांगितल्याबिगर सोडनार नाय!"

"आनखी हान, भगता," नाथा म्हणायचा.

भुताने नाव सांगितलं की ते जातं, असा दौलतचा नियम. मी सपासप बसायचो. कातडी फाटली, झगा रक्ताने पाठीला चिकटला. पोर डोळे फाडून बापाकडे बघत राहायची, पण तोंडातून हूं की चूं नाही. मला तर तिचा संताप यायचा. नाव सांगून मोकळी का होत नाही ही?

शेवटी दौलतने जाहीर केलं, येत्या अमावास्येला तापल्या सळईने जिभेला डाग द्यायचा. त्याआधी एकदा शेवटचा मार. त्या दिवशी नाथा होडी घेऊन गेलेला, म्हणून हात धरायला आई बसली, आवडाबाई. दोन फटके पडले आणि तिने पोरीचे हात सोडून दिले. तुळसाने मलाच पकडलं. असा हिसडा मारला की दौलत तोंडावर आपटला, त्याचे ओठ फुटले. भूत अंगावर आलं म्हणून लोक पळाले. आवडाबाईने पोरीला खांद्यावर टाकलं आणि तडक ठाण्याची वाट धरली. मी पोरीच्या मुठीतच.

ठाण्याच्या एका दवाखान्यात सरस्वतीबाई बसायच्या. घाबरलेल्या मुलांना खेळवत बोलतं करायचं, हे त्यांचं काम. आवडाबाईने पोरीला त्यांच्यापुढे नेऊन बसवलं. मला हसू आलं. माराने झालं नाही ते खेळाने होणार? बाईंनी मला काढून घेतलं नाही. तुळसासमोर एक उशी ठेवली.

"वेत तुझ्या हातात आहे, बाळ. ज्याला मारावंसं वाटतं, त्याला मार."

तुळसा उशीवर तुटून पडली. शिवण उसवली, कापूस खोलीभर उडाला, तरी थांबेना. आणि मुकी पोर किंचाळली, "नाथा! नाथा हाय त्याचं नाव! आयेच्या डोक्यात वल्हं घातलं त्यानं!"

आवडाबाईने धावत येऊन पोरीला कवटाळलं. पदर सरकला आणि केसांतला लांबलचक व्रण मला दिसला.

"मीच सांगितलं तिला," ती रडत म्हणाली, "मी घसरून पडले म्हनून सांगेन, तू कुनाशी बोलू नको. पोरीनं बोलनंच टाकलं, बाई!"

मायलेकी नाथाकडे परत गेल्या नाहीत, कल्याणला आवडाबाईच्या भावाकडे राहिल्या. मी दवाखान्यातच राहिलो, बाहुल्यांच्या टोपलीत. आता टोकाला चिरलोय. मुलं मला उचलतात, उशी बडवतात, मग हळूहळू बोलू लागतात.

माझं एकच मागणं आहे. मूल गप्प झालं तर त्याच्यावर वेत उगारू नका. आम्ही तुळसाला मारमारून ज्याचं नाव विचारत होतो, तोच तिचे हात धरून बसला होता.