डाव्या अंगाची फरशी

मिनलला खोटं बोलायला कुणीही सांगितलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे वाचताना तुम्ही अर्जुनरावांवर दातओठ खायला लागाल, आणि त्या भल्या माणसाचा यात काडीचाही दोष नव्हता.

चिंचवडला जुन्या कामगार वसाहतीमागे श्रमिक बाग आहे. साठ वर्षांपूर्वी तिथे नुसता खडकाळ माळ होता. कारखान्यांतल्या माणसांनी आपल्या साप्ताहिक सुट्ट्या घालवून, माती वाहून त्याची बाग केली आणि मधोमध दगडी मंच बांधला, वर शहाबादी फरशी घातली. बाग पुढे कुणा एकाच्या घशात जाऊ नये म्हणून तिचा ट्रस्ट केला. ट्रस्टच्या मूळ कागदात एक कलम आहे: तारीख मोकळी असेल आणि मंच शाबूत असेल, तर मागणाऱ्याला नाही म्हणता येणार नाही. त्यामुळे त्या मंचावर नाटकं झाली, जादूचे प्रयोग झाले, कव्वाल्या झाल्या, कुत्र्यांचं प्रदर्शनसुद्धा झालं. बागेनं कधी कुणाचं तोंड बघून मंच दिला नाही.

मिनल या ट्रस्टची व्यवस्थापक. हुशार, कामाला वाघ. तिचे वडील भीमराज वसाहतीतले फिटर, आता हयात नाहीत. त्यांनीही या मंचाचे दगड वाहिले होते. वार्षिक अहवालात मिनल मोठ्या ऐटीत लिहायची, ‘हा मंच कामगारांनी स्वतःच्या हातांनी बांधला.’ पण विश्वस्तांच्या बैठकीत ‘माझ्या वडिलांनी’ असं तिच्या तोंडून नोकरीच्या आठ वर्षांत एकदाही निघालं नव्हतं. तशी वेळच आली नाही, असं ती स्वतःला सांगायची.

अर्जुनराव ट्रस्टचे नवे अध्यक्ष. चाकणच्या कुठल्याशा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, राहायला पिंपळे सौदागरला. सोमवारी ते म्हणाले, “मिनलताई, रविवारी पाचला काही पाहुणे बाग बघायला येणार आहेत. जमलं तर देखभालीची जबाबदारी घेतील. जरा नीटनेटकं दिसू द्या.” बस, एवढंच म्हणाले. झाडलोट करा, नळ दुरुस्त करा, असा त्याचा सरळ अर्थ.

त्याच दुपारी भिवाकाकांचा फोन आला. भिवाकाका म्हणजे भीमराजांचे जिवलग दोस्त, आयुष्यभर फाउंड्रीत राबलेले आणि सुट्टीच्या दिवशी कलापथकात ढोलकी वाजवणारे. हल्ली ते रावेतला मुलाकडे राहायचे.

“पोरी, गिरजाला जाऊन वरीस व्हतंय रविवारी. तिची सात-आठ गाणी म्हणायची मंचावर. संध्याकाळी तासभर. दुसरं काय न्हाई.”

गिरजाबाई त्यांची बायको. स्वतः गाणी रचायची आणि स्वतःच म्हणायची. बाबासाहेबांची, संपाची, वसाहतीच्या नळावरच्या भांडणाची. मिनल लहान असताना याच मंचाच्या पायरीवर बसून ती ऐकायची. पण त्या सोमवारी तिच्या डोळ्यांपुढे वेगळंच उभं राहिलं. पाहुणे बागेत आलेत, कर्ण्यातून काकांच्या कलापथकातल्या कौशल्याबाईंचा फाटका आवाज येतोय, आणि मधेच त्या मंचावरूनच सगळ्यांदेखत ओरडतायत, “मिने, पाणी आण गं जरा!”

तारीख मोकळी होती. मग राहिलं दुसरं कारण.

“काका, मंच खराब झालाय हो,” ती म्हणाली. “डाव्या अंगाची फरशी उचलली गेलीय. दुरुस्ती काढलीय.”

काकांनी विचारलं, “लई हाय का?”

“बरीच आहे.”

“बरं बरं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. थाप इतकी बेमालूम बसली की मिनलला हायसं वाटलं. तिनं चहा मागवला आणि तो चवीनं प्यायली.

गुरुवारी सकाळी आठला ती बागेत आली, तर मंचाच्या पायरीवर तीन म्हातारी माणसं बसलेली. भिवाकाका, कौशल्याबाई, आणि तळेगावचे धोंडीबा. धोंडीबा जातिवंत गवंडी. मंचाची एकूण एक फरशी त्यांच्या हातची. त्यांच्या पिशवीतून थापी आणि छिन्नी डोकावत होती. शेजारी सिमेंटची अर्धी गोणी आणि वाळूचं घमेलं.

“आमी बांधल्याला मंच,” धोंडीबा म्हणाले, “आन् दुरुस्तीला दुसरा मानूस? व्हय गं?”

मिनल घाईनं पुढे झाली. “अहो काका, ठेकेदार येणार आहे. तुम्ही कशाला…”

“ठेकेदार वरनं लिंपून जाईल. खाली चुना कसा भरलाय त्ये त्याला काय म्हाईत?”

“आज लावली की रविवारपत्तुर बसंल,” भिवाकाका म्हणाले आणि हातोडी घेऊन मंचाच्या डाव्या अंगाला गुडघ्यांवर बसले.

फरशी सुटली असली की ती पोकळ वाजते, पक्की असली तर खणखणीत. भिवाकाका हातोडीच्या दांड्यानं एकेक फरशी ठोकत पुढे सरकू लागले. ढोलकीवाल्याचा कान तो. पहिली खणखणीत वाजली. दुसरी, तिसरी, पहिली पूर्ण ओळ. दुसरी ओळ. मिनल तिथेच खांद्याला पर्स अडकवून उभी. ‘काका, थांबा’ हे दोन शब्द बोलायचे होते, आणि ती फरश्या मोजत राहिली.

“राव, हितं तर काय बी न्हाई,” धोंडीबा वैतागून म्हणाले. “कुनी सांगितलं उचलली म्हून?”

भिवाकाकांनी मान वर करून मिनलकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखादा क्षणच. त्या एका क्षणात मिनलला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण त्यांना कळलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली वाकले, समोरची फरशी ठोकली. ती चांगली खणखणीत वाजली.

“ही बग,” ते म्हणाले. “पोकळ हाय.”

“ही? आरं, ही तर…”

“तुला ऐकू येत न्हाई म्हाताऱ्या. काढ.”

ढोलकीवाल्याच्या कानापुढे गवंडी काय बोलणार? धोंडीबांनी कपाळाला आठ्या घातल्या, सांध्यात छिन्नी लावली आणि घाव घातला. फरशी निघता निघेना. साठ वर्षं धरून बसलेली ती, सहजासहजी कशी सुटेल? पाचव्या घावाला मधोमध फुटली. खालचा चुना कोरडा, पांढरा, जसाच्या तसा होता. धोंडीबांनी त्यावरून बोट फिरवलं आणि ते बोटाकडे बघत राहिले.

“पोकळ नव्हती ती,” मिनल एकदम म्हणाली. “काही झालेलं नव्हतं मंचाला. मी खोटं बोलले.”

“गप बस, पोरी,” भिवाकाका पुटपुटले. तिची अब्रू झाकायला त्या माणसानं चांगली फरशी फोडू दिली होती, आणि तिनं झाकण उघडून टाकलं होतं.

“मग फोडाय का लावली माझी फरशी?” धोंडीबांनी विचारलं. ओरडून नाही. दुखावलेलं मूल विचारतं तसं विचारलं. मिनलला रडू आलं, आणि रडू आल्याचीही तिला लाज वाटली, कारण रडायचा हक्क तिथे असलाच तर धोंडीबांचा होता.

पेच सोडवला तो कौशल्याबाईंनी. त्या म्हणाल्या, “आता झालं त्ये झालं. तेवढी एक फरशी सोडून हुबं ऱ्हाऊ की आपन. मंच का एवढुसा हाय? काय गं मिने, गावं का रविवारी?”

तिघंही तिच्याकडे बघू लागली. इतकं सगळं होऊन गेल्यावर आता ‘गा’ म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर. पण आठ वर्षांची सवय वाईट.

“सरांना विचारून सांगते,” मिनल म्हणाली.

भिवाकाकांनी हत्यारं गोळा करायला घेतली. जाण्याआधी धोंडीबांनी मात्र फुटकी फरशी काढून खड्डा सिमेंट-वाळूचा माल घालून सपाट केला, कडा थापीनं घोटल्या. उघडा खड्डा टाकून जायला त्यांचा हात धजावला नसता. मग तिघं फाटकाबाहेर पडली.

मिनलनं अर्जुनरावांना फोन लावला. घाईघाईनं सगळं सांगितलं, खोटं तेवढं गाळून. काही वृद्ध कामगार आहेत, गाणी म्हणायची म्हणतात, पण पाहुण्यांची वेळ तीच आहे, तेव्हा…

“अहो, मग फारच छान!” अर्जुनराव म्हणाले. “मंच बांधलेलीच माणसं गाणार? याहून चांगलं काय दाखवणार आपण? होऊ द्या की. पण हे आधीच का नाही सांगितलंत?”

“राहून गेलं,” मिनल म्हणाली.

“तुमच्या ओळखीचे आहेत का कुणी?”

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. “माझे काकाच आहेत,” ती म्हणाली. “माझ्या वडिलांनीपण दगड वाहिलेत इथे.”

“अरे! आणि मला हे आज कळतंय?” अर्जुनराव हसले. त्या हसण्यात तुच्छतेचा लवलेश नव्हता. तो असता तर मिनलला थोडातरी आधार झाला असता, एक बोट तरी दुसऱ्याकडे दाखवता आलं असतं.

तिनं ताबडतोब भिवाकाकांना फोन केला. मागून रिक्षाची फटफट ऐकू येत होती.

“काका, सर हो म्हणाले. रविवारी या. पाहुण्यांनापण ऐकायचंय.”

“राहू दे आता,” काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. “आमी घरीच म्हनू, रावेतला. हळू म्हनलं की शेजारी काय बोलत न्हाईत.”

“काका, प्लीज. मंच तुमचाच आहे.”

“मंच आमचा हाय गं. त्यासाठी न्हाई म्हनत मी.” काका म्हणाले, “गिरजानं तुला मांडीवर घेऊन गाणी म्हनलीत पोरी. तिची लाज वाटली तुला. आता दुसऱ्याला आवडली म्हून तिथं कसं गावं?”

काकांनी फरशीच्या जागी माल धरेपर्यंत दिवसातून दोन वेळा पाणी मारत जा असं सांगितलं आणि फोन ठेवला.