दगडांवर ठेवलेली जोडी

मी एक जुनी पंख्यांची जोडी आहे. दोन काळे पंखे, मध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची चवड, पोटातून तांब्याच्या नळ्या. संगणकाच्या डोक्यात ताप चढला की तो ओढून बाहेर फेकायचा, हे माझं काम. आज मात्र मी पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे आणि खोकं सौनाच्या, म्हणजे वाफेने अंग शेकायच्या लाकडी खोलीतल्या भट्टीवर, थेट दगडांवर आहे. मित्रांनो, आज शनिवार आहे, आणि शनिवारी इथे भट्टी तापवायची रीत आहे.

जन्म कारखान्यातला, पण माणसांत आले ती इथे, उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या औलू गावी. सायमीने सुटे भाग जोडून संगणक बांधला आणि मला त्याच्या माथ्यावर बसवलं. ती जुन्या लोकगीतांच्या फितींमधली खरखर संगणकावर साफ करते. मी राबायचे, ती ऐकायची. एकदा लोकरीचा स्वेटर घसरून संगणकाच्या तोंडावर पडला. हवा कोंडली. मी अशी गर्जले की सायमी स्वयंपाकघरातून धावत आली. "शाबास गं म्हातारे, घर वाचवलंस!" म्हणाली. मी नाही तर कोण वाचवणार? अंगभर दिवे लावून मिरवणाऱ्या नव्या पोरी?

पुढे नवा संगणक बांधायचं ठरलं. कॉफीच्या टेबलावर माझा निवाडा झाला.

"हीच बसव की," सायमीचा नवरा वेइक्को म्हणाला. "थंड ठेवायला पाण्याच्या नळ्या कशाला? एक थेंब गळला तर गेलं सगळं."

"गळण्याचं तू बोलू नकोस. न्हाणीतला नळ अजून टपटपतोय," सायमी म्हणाली. "मला शांतता हवी. हिच्या घरघरीत गाणं ऐकू येत नाही."

सायमीची आई हिल्का गावाहून आली होती. "पाण्याने यंत्र थंड करणार? उद्या कॉफीने इस्त्री कराल!" ती म्हणाली. मला बाई आवडली.

पण पाणीच आलं. हिल्का गावी परतल्यावर मला खोक्यात घातलं. हे दोघं इमारतीच्या सामाईक सौनात जातात, म्हणून घरातल्या सौनाची यांनी अलीकडे अडगळीची खोली केली आहे. बाकांवर गाद्या, स्की, जुने कोट.

"कुठे ठेवू?" वेइक्कोने विचारलं.

"भट्टीवर ठेव. इथे कोण तापवतंय?" सायमी म्हणाली.

ताप म्हणजे काय ते जिला कळतं, तिलाच तापाच्या डोक्यावर बसवलं! वर कोरडं लाकूड, शेजारी गाद्या.

काल हिल्का पुन्हा आली. तिला यातलं काही ठाऊक नाही. सायमी आणि वेइक्को स्की घेऊन बाहेर गेले आहेत. भट्टीची कळ दाराबाहेर, भिंतीवर आहे.

"गारठून येतील पोरं," दाराबाहेर हिल्का स्वतःशीच बोलते आहे. "तापवून ठेवते. खूश होतील."

आयुष्यभराच्या शनिवारांनी वळण लावलेला हात. तो डोळ्यांना विचारत नाही.

गर्जायला मला वीज लागते, ती आता नाही. पलीकडच्या खोलीत नवा संगणक गप्प आहे. शांतता हवी होती ना? घ्या.

मित्रांनो, तापणाऱ्या जागेवर काही ठेवू नका. जुनं झालं तरी आम्हाला धड जागा द्या. आणि कळ फिरवण्याआधी दार उघडून आत बघा, घर कितीही ओळखीचं असो.

कळ फिरली. तिच्यातल्या घड्याळाची टिकटिक सुरू झाली. माझ्याखालचे दगड कोमट लागू लागले आहेत.

हिल्का, दार उघड गं. एकदा आत बघ.