पिसं पचवणारा ड्रम

मित्रांनो, थोडे लांबच उभे राहा, माझ्या अंगाला अजून वास येतो. मी एक जुना निळा ड्रम आहे. साच्यातून निघाल्यावर काही वर्षं माझ्यात साबणाचं पाणी होतं. मग एका कोंबडीवाल्याने मला भंगारातून उचललं. त्याच्या दुकानात रोज पोतंभर पिसं निघत. ती माझ्यात दाबून भरायची आणि मागच्या ओढ्यात ओतायची, एवढंच माझं काम. पिसं असतात केराटिनची, तुमच्या नखांसारखी. ती लवकर कुजत नाहीत. ओढा तुंबला, काठच्या विहिरीचं पाणी नासलं.

कोंबडीवाल्याची थोरली बहीण शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली होती. तिला सगळे बाईच म्हणत, सख्खा भाऊसुद्धा, कारण तो तिच्याच वर्गात नापास झाला होता. एक दिवस ती मला ओढत परसात घेऊन गेली.

"बाई, ड्रम कुठे नेतेस?"

"पिसं पचवायला शिकवते त्याला."

"मला सातवीचं विज्ञान पचलं नाही, ड्रमला काय पचणार!"

बाई मासळीवालीकडून फेकायची आतडी आणू लागली. माशाच्या आतड्यात अन्न फोडणारे रस असतात, त्यांना विकरं म्हणतात. ती आतडी वाटून, गाळून तिने उकडलेल्या पिसांवर ओतली. ऊब टिकावी म्हणून मला जुनी रजई गुंडाळली. दिवसातून चारदा दांड्याने ढवळायची, तापमान वहीत लिहायची. तीन वेळा नुसती घाण झाली. शेजारी नाकं मुरडू लागले. चौथ्यांदा, अकराव्या दिवशी, दांड्याला एकही पीस लागलं नाही. माझ्यात दाट, तपकिरी पाणी होतं. बाई माझ्या काठावर हात टेकून कितीतरी वेळ उभी राहिली. ते पाणी घातलेला पालक हातभर वाढला. मित्रांनो, त्या दिवसांत मला स्वतःचा अभिमान वाटे.

नगरपालिकेचे साहेब सोमवारी बघायला येणार असं ठरलं, म्हणून बाईने माझ्यात पिसांचा नवा घाणा लावला. त्यांना पटलं, तर सगळ्या दुकानांच्या पिसांसाठी शेड मिळणार होती. रविवारी बाई तिच्या जुन्या दुखण्यासाठी दवाखान्यात गेली. तेव्हा तिची भावजय परसात आली. मनाने फार चांगली ती. "साहेब यायचे आणि हा असला वास!" असं पुटपुटत तिने फिनेलच्या दोन बाटल्या माझ्यात रिकाम्या केल्या आणि मला बाहेरून पुसूनही काढलं. मला तोंड आहे, पण ओरडता येत नाही. फिनेलने माझ्यातली विकरं निकामी झाली, पिसं पचायची थांबली.

सोमवारी साहेबांनी आत डोकावलं. फिनेलने पांढऱ्या झालेल्या पाण्यावर अर्धवट विरघळलेली पिसं तरंगत होती.

"बाई, ही तर पिसंच आहेत."

"परवापर्यंत विरघळत होती, साहेब."

"मग पुन्हा करा, झालं की कळवा." ते निघून गेले.

भावजय पदर तोंडाला लावून रडू लागली. "मला वाटलं, वास गेला की काम होईल."

बाई म्हणाली, "अगं, चूक माझी. तीस वर्षं वर्गाला समजावलं, घरात तुला मात्र कधी सांगितलं नाही."

फिनेल माझ्या अंगात मुरलं होतं. पुढचे दोन घाणे वाया गेले. नवा ड्रम आणायचं ठरेपर्यंत बाईचं दुखणं बळावलं, ढवळायला हात उचलेना. भावाला दुकानातून सवड नव्हती. साहेबांची बदली झाली. गेल्या पावसाळ्यात बाई गेली. तिची वही भावजयीने जपून ठेवली आहे, पण तिला ती वाचून कळत नाही, आणि समजावणारं कुणी उरलं नाही.

मी आता भिंतीशी आडवा पडून आहे. तळाला चीर गेली आहे, माझं काही व्हायचं नाही. तुमच्या घरात कुणी एकट्याने काही धडपडत असेल, तर त्याला हात लावण्याआधी जवळ बसा आणि विचारा, "हे काय चाललंय?" आणि धडपडणारे तुम्ही असाल, तर कुणी विचारायची वाट पाहू नका. आधी घरातल्यांना सांगा.